हात लागत नाही

“मार.”

“अगंबाई! नवऱ्यावर हात उगारायचा व्हय?”

“उगार म्हंतोय न्हवं. चांगला जोरात. माज्या तोंडाम्होरनं हात गेला पायजे, लागाय नगं.”

कुसुमनं पदर कमरेला खोचला, डोळे गच्च मिटले आणि हात फिरवला. हात आत्मारामच्या गालापासून चार बोटं लांबून गेला, पण खोलीत असा सणसणीत आवाज झाला की ती किंचाळलीच. डोळे उघडून बघते तर नवरा पलंगावर आडवा. खालच्या मजल्यावरून घरमालकीण फ्राउ क्लेंकनं केरसुणीच्या दांड्यानं छताला दणके दिले.

“लागलं?”

“कुटं लागतंय!” आत्माराम हसत उठून बसला. “आवाज माज्याच हातांचा. ह्ये बग, हितं खाली, पोटापाशी टाळी वाजवायची आन् मान फिरवून पडायचं. लोकांचं ध्यान मारनाऱ्याच्या हाताकडं. खाली कोन बघतंय?”

कुसुमनं तीनदा करून बघितलं. तिसऱ्या वेळी तिला इतकं हसू आलं की हात नवऱ्याऐवजी कपाटावर आपटला. सांगलीहून जर्मनीत बॉबलिंगेनला येऊन तिला पंधरवडाच झाला होता. या माळ्यावरच्या खोलीत एवढं मोठ्यानं कुणी हसलं असेल असं वाटत नाही.

हा आत्माराम खराडे मूळचा तासगावकडचा. सर्कशीत वाढलेला, बारवर झेपा घेणारा गडी. एका जर्मन सर्कसवाल्यानं मुंबईहून चार हत्ती आणि सहा माणसं जहाजावर चढवली, त्या सहांतला हा एक. हत्तींची बडदास्त नीट राहिली, माणसं मात्र पांगली. आत्माराम बारवरून पडला, गुडघा मोडला, आणि ज्या रिंगणात तो झेपा घ्यायचा तिथलाच भुसा झाडायला लागला. तिथं त्याला डॉन राफाएलनं, म्हणजे राफाएलसाहेबानं, हेरला.

किंताना बंधू म्हणजे स्पेनचे तीन सख्खे भाऊ, तिघंही जोकर. थोरला राफाएल पांढऱ्या तोंडाचा. चेहऱ्याला चुन्यासारखा रंग, एक भुवई पार कपाळात चढवलेली, अंगात टिकल्यांचा झगझगीत पोशाख, डोक्यावर निमुळती पांढरी टोपी, हातांत पांढरे मोजे. हा शहाणा, हा मारणारा. मधला चानो, तो अकॉर्डियन वाजवायचा. आणि धाकटा निको म्हणजे लाल नाक, हातभर लांब बूट आणि नशिबी मार. हा निको एके दिवशी सारागोसाला भर खेळात छातीत कळ येऊन रिंगणातच मेला. पोरांना वाटलं हाही खेळच. बराच वेळ हसत होती म्हणे.

निकोचे बूट आत्मारामच्या पायाला बसले आणि त्या दिवसापासून आत्माराम निको झाला. सावळा रंग तोंडावरच्या रंगाखाली गेला की झाला सख्खा भाऊ! बोलायचं नाही, शिट्टी वाजवायची. खेळ संपला की राफाएल आणि चानो तोंडं धुऊन लोकांत मिसळायचे, पोरांचे मुके घ्यायचे, बायाबापड्यांशी गावाकडच्या गोष्टी करायचे. आत्मारामनं मात्र रंगासकट मागल्या दारानं सटकायचं. तिन्ही भाऊ स्पॅनिश असं जाहिरातीवर छापलंय ना, मग त्यातल्या एकाचं तोंड तासगावचं निघून कसं चालेल? भाऊ म्हणे! चौसष्ट साल उजाडलं, आठ वर्षं झाली, तरी या भावाला राफाएलनं घरी एकदा जेवायला बोलावलं नव्हतं.

उन्हाळ्यात तंबू, आणि ऑक्टोबर लागला की दर रविवारी बॉबलिंगेनच्या चर्चच्या हॉलमध्ये खेळ. गाड्यांच्या कारखान्यांत कामाला आलेले स्पॅनिश लोक आता बायकापोरं आणायला लागले होते. आठवडाभर ज्यांना जर्मनांनी नीट हाकसुद्धा मारलेली नसे ती माणसं रविवारी सहकुटुंब यायची, आपल्या भाषेत ओरडायची आणि निकोला मार बसला की डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसायची. त्यांच्याहून जास्त मार खाणारा कुणीतरी आहे, हे बघायला त्यांना आवडायचं. त्यात त्यांची तरी काय चूक म्हणा.

आत्मारामनं एकदाच गावी जाऊन लग्न केलं होतं. तेव्हा कुसुमचा भाऊ दिनकर, सांगलीच्या हळदपेठेत अडत्याकडं कामाला, तोंडावर म्हणाला होता, “दाजी, पोट भराल, त्ये खरं. पर आमच्या पोरीचा न्हवरा चारचौघांत थोबाडीत खातो, ह्ये काय बरं न्हाई दिसत.” आत्मारामनं तिथल्या तिथं एका हमालाला समोर उभा केला आणि खेळ करून दाखवला. हळदीच्या पोत्यांमधली माणसं पोट धरून हसली. मग आत्माराम गंभीर झाला आणि म्हणाला, “अंबाबाईची आन घेऊन सांगतो. हात लागत न्हाई. ज्या दिशी लागंल त्या दिशी ह्यो धंदा सोडीन.” या शब्दावर मुलगी मिळाली. तो शब्द आजवर मोडलेला नव्हता, आणि आता तर सगळंच जमून येत होतं. समुद्रापलीकडं, स्पॅनिशच बोलणाऱ्या मुलखातल्या काराकासच्या टेलिव्हिजनचा एक माणूस येत्या रविवारी खेळ बघायला येणार होता. त्याला पसंत पडलं तर किंताना बंधू कुटुंबांसह बोटीनं तिकडं जाणार. बारा महिने ऊन, राहायला घर, आणि रोज संध्याकाळी घराघरांत निको! मोडक्या गुडघ्याच्या माणसाला कारखान्यात कुणी घेत नव्हतं. आत्मारामला ती बोट हवीच होती.

घोटाळा झाला तो खंडेनवमीला.

आत्माराम बाहेरून आला तर खोलीत उदबत्तीचा वास. सामानाची ट्रंक त्याच्याकडंच असायची. कुसुमनं ती उघडून सगळं चादरीवर मांडलं होतं: बूट, शिट्टी, लाल नाक, लाकडी पाव, लांबलचक कापडी सॉसेज. सगळ्याला हळदकुंकू. सांगलीला या दिवशी पेठेतल्या तराजूंची पूजा होते, हमालांच्या आकड्यांची होते. सर्कशीत बारची, सायकलींची, वाघाच्या पिंजऱ्याचीसुद्धा.

“तुमची हत्यारं हीच न्हवं?” कुसुम जरा लाजत म्हणाली. “म्हनून समद्याला केलं.”

देश सोडल्यापासून अकरा वर्षांत आत्मारामच्या हत्यारांना कुणी हात जोडला नव्हता. पण एक गोष्ट तो बायकोला सांगायचं विसरला होता. स्पॅनिश नट-जोकरांत पिवळा रंग म्हणजे साक्षात मरण. पिवळा रुमाल नको, पिवळं फूल नको. सारागोसाला त्या संध्याकाळी एका मुलीनं निकोच्या कोटाला पिवळं फूल टोचलं होतं, आणि अर्ध्या तासात भाऊ गेला. राफाएल ते कधी विसरला नाही. पण आत्मारामनं विचार केला, आजचा दिवस राहू दे. रविवारी सकाळी पुसून टाकू. बायको हौसेनं पूजा करते, तिला काय सांगायचं की तुझी हळद अशुभ आहे?

‘समद्याला’ म्हणजे नेमकं कशाकशाला, ते त्यानं विचारलं नाही. राफाएलच्या टोपीचा डबा ट्रंकेतच होता, बंद.

रविवारी त्यानं बूट पुसले, नाक पुसलं, शिट्टी धुतली, पाव घासला, सॉसेजवरचा ठिपका रंगानं झाकला. हॉलच्या मागच्या खोलीत तिघं रंगून तयार झाले. राफाएलनं टोपीचा डबा उघडला आणि हात भाजल्यासारखा मागं घेतला. पांढऱ्या शुभ्र टोपीवर, बरोब्बर पुढच्या बाजूला, हळदीचं बोट. त्यावर कुंकू.

“हे कुणी केलं?” राफाएल इतक्या हळू बोलला की चानोनं अकॉर्डियन खाली ठेवलं.

“माझ्या बायकोनं,” आत्माराम आपल्या मोडक्या स्पॅनिशमध्ये म्हणाला. “आमच्यात हे शुभ असतं, डॉन राफाएल. तुमच्या चांगल्यासाठी केलं तिनं.”

“पुस.”

आता घाईत माणसाला काय सुचतं? त्यानं टोपी नळाखाली धरली आणि साबण लावला. हळदीवर साबण लागला की डाग लाल होतो, हे सांगलीचं शेंबडं पोर सांगेल. आत्मारामच्या हातात टोपीचा डाग लालभडक झाला आणि पाण्याबरोबर खाली ओघळला. राफाएलनं ते बघितलं. रंगाखाली त्याचं तोंड काय झालं कोण जाणे, पण तो दोन पावलं मागं सरकला. चानोनं छातीवर क्रूस काढला.

“माझ्या भावाचं नाव दिलं तुला,” राफाएल म्हणाला. “रस्त्यावरचं कुत्रं उचलून आणलं, भावाचे बूट दिले. आणि तू माझ्यासाठी मरण आणलंस?”

बाहेर घंटा वाजली. काराकासचा सेन्योर उर्बिना पहिल्या रांगेत येऊन बसला होता. राफाएल ओली टोपी मागच्या बाजूनं पुढं करून, डाग मानेकडं फिरवून, रिंगणात गेला.

कुसुम तिसऱ्या रांगेत होती. शेजारी सुधीर, पुण्याचा, श्टुटगार्टला टेक्निशं होखशूलंमध्ये, म्हणजे तिथल्या इंजिनिअरिंग कॉलेजात, डॉक्टरेट करणारा. तिच्या आउसवाइसच्या, म्हणजे ओळखपत्राच्या, कागदांसाठी ऑफिसात दुभाषी म्हणून तोच आला होता. “वहिनी, आता बघा हं गंमत,” तो म्हणाला. “हे सगळं खोटं असतं. टायमिंग असतं. गेनाऊ, अगदी नेमकं टायमिंग!”

“ठावं हाय मला,” कुसुम ऐटीत म्हणाली. तिला तर त्याच्याहून जास्त ठाऊक होतं.

खेळ साधाच होता. चानोनं जेवायला आणलेला पाव आणि सॉसेज निको चोरून खातो. पोरं ओरडून ओरडून निकोला सावध करतात, पण राफाएल त्याला पकडतोच. मग तीन थोबाडीत: एक पावाची, एक सॉसेजची, एक खोटं बोलल्याची.

पावाची आली. आत्मारामनं पोटापाशी टाळी वाजवली, मान फिरवली, आणि तेवढ्यात कानशिलात वीज पडावी तशी थप्पड बसली. एकाऐवजी दोन आवाज झाले. त्याला वाटलं, चुकून लागली. माणूस आहे, घाबरलाय. तो उठला, शिट्टी वाजवली. सॉसेजची आली. ती त्याहून जोरात, त्याच कानावर. तिसरीला तो खरोखरच कोलमडला, बूट वर आणि डोकं खाली.

हॉल हसून फुटायची वेळ आली. असं हशा-टाळ्यांचं तुफान आठ वर्षांत झालं नव्हतं. एक बाई पोराला घट्ट धरून गदागदा हलत होती. सेन्योर उर्बिना मांडीवर थापा मारत होता. आणि जमिनीवर पडल्यापडल्या आत्मारामला तिसऱ्या रांगेत कुसुम दिसली. कपाळावर एवढं मोठं कुंकू, तोंडाला पदर लावायचं भान नाही, मान मागं टाकून ती हसत होती. हसता हसता सुधीरला पोटापाशी टाळी वाजवून दाखवत होती, की ते असं करतात.

खेळ संपल्यावर उर्बिना मागं आला. “बाकी सगळं ठीक,” तो राफाएलला म्हणाला, “पण ती थोबाडीत! तो आवाज! आमच्याकडचे जोकर टाळ्या वाजवतात, मायक्रोफोनला ते लगेच कळतं. हे खरं वाटतं. पुढच्या रविवारी कॅमेरा आणतो. हेच करा, अस्संच.”

उर्बिना गेल्यावर राफाएलनं मोजे काढले, बोटं मोकळी केली. राग केव्हाच उतरला होता आणि त्या जागी हिशेबी शांतपणा आला होता. “ऐकलंस?” तो म्हणाला. “तुझ्या बायकोनं जे वाईट आणलं ते असं उलटवलं मी. आता रोज तालीम. आणि पिवळ्याचा ठिपका जरी कुठं दिसला, तर बोटीवर तुला पाय ठेवू देणार नाही. समजलं?”

“समजलं, डॉन राफाएल,” आत्माराम म्हणाला.

खरं तर त्याच वेळी त्यानं बूट काढून ठेवायला हवे होते. अंबाबाईची आण घेतलेला माणूस! पण बोट होती, ऊन होतं, घर होतं. माणूस एवढ्यासाठी स्वतःशी काय वाट्टेल ते बोलतो. आठवडाभराचा प्रश्न आहे, तिकडं गेल्यावर बघू, असं तो स्वतःशी बोलला.

घरी आल्यावर कुसुमचं तोंड थांबेना. “काय पडलासा वो तुमी! माजं तर पोट दुखाय लागलं. त्यो सुदीर म्हने, वैनी, किती हसताय. म्या म्हनलं, मला आतली गोम ठावं हाय म्हनून जास्त हसू येतंय.” मग तिला त्याचा गाल दिसला. “ह्ये काय? सुजलंय कशानं?”

“दाढ ठणकतीया.”

“थांबा, हळद गरम करते. सकाळच्याला सूज उतरंल.”

“नगं.” तो इतका चटकन बोलला की ती बघतच राहिली. “उशीला डाग पडतील. ती फ्राउ क्लेंक बोंब मारंल.”

सोमवारी तालीम झाली, मंगळवारी झाली. राफाएल मोजा घालून मारायचा, मोजा काढून मारायचा, आवाज कुठला चांगला ते चानोला विचारायचा. चानो खाली मान घालून म्हणायचा, मोजा काढून चांगला. पण पांढऱ्या जोकरानं मोजा घालायलाच हवा, म्हणून मग मोजा घालून जास्त जोरात. सगळ्या डाव्या कानावर. मंगळवारी संध्याकाळी त्या कानात शिट्टी वाजायला लागली आणि बुधवारी ती बंद झाली. शिट्टीच नाही, त्या बाजूचं सगळंच बंद झालं.

बुधवारी रात्रीचं जेवण करताना कुसुमनं दोनदा विचारलं, “भाकरी वाढू?” आत्माराम ताटाकडं बघत राहिला. ती त्याच्या डाव्या हाताला बसली होती.

“काय वो, बहिरं झालासा काय?” तिनं चेष्टेनं म्हटलं, आणि त्या दिवशी शिकवलं होतं तसा हात उगारला, नुसता खेळातला.

आत्माराम दचकून मागं सरकला आणि दोन्ही हातांनी त्यानं डोकं झाकलं. ताट उपडं झालं.

कुसुमचा हात तसाच वर राहिला. टाळी नाही, गिरकी नाही, काही नाही. नवरा कोपऱ्यात डोकं झाकून बसलेला. तिला सगळं एका दमात कळलं.

“हात लागतोय,” ती म्हणाली.

त्यानं हळूहळू हात खाली घेतले.

“कवापासनं?”

मग त्यानं सांगितलं. टोपीचं सांगितलं, पिवळ्या रंगाचं, मेलेल्या निकोचं, उर्बिनाचं, बोटीचं. कुसुम ऐकत होती. टोपीला साबण लावल्याचं ऐकल्यावर एवढंच म्हणाली, “साबन कशाला लावायचा? उन्हात टाकायची. उन्हानं हळद उडती.” आत्मारामनं खिडकीकडं बघितलं. चार दिवस झाले, समोरच्या घराचं छप्परसुद्धा धुक्यातून दिसलं नव्हतं.

“म्या हसले वो,” मग ती म्हणाली, आणि तिचं तोंड वाकडं झालं. “तुमाला खरं मारत व्हता त्यो मुडदा, आन् म्या दात काढून हसत बसले. त्या सुदीरला शिकवत बसले.”

“तुला कुटं ठावं व्हतं?”

“तुमाला तर ठावं व्हतं न्हवं? दिनकरदादाला काय बोलला व्हता?”

“दादाला काय जातंय! तिकडं ऊन हाय, कुसुम. घर मिळतंय. हितं काय हाय? गुडगा ह्यो असा. कुनी झाडूवाला म्हनून बी ठेवना. त्यो सुदीर डॉक्टर हुईल, गाडी घेईल. मी काय घेऊ? दोन-चार साल मार खाल्ला तर काय मरत न्हाई मी.”

“धाकला भाऊ मेला न्हवं त्येंचा?”

“त्यो फुलानं मेला म्हंत्यात.”

“फुलानं!” कुसुम एवढंच बोलली आणि सांडलेलं भरायला लागली.

दोन दिवस ती त्याच्याशी कामापुरतंच बोलली. बोलायचं असलं की उजवीकडून येऊन बोलायची. शनिवारी तालीम करून तो आला तेव्हा डाव्या बाजूचा डोळा मिटत चालला होता आणि गाल फुगून कानाला टेकला होता. माहेरून आणलेली हळदीची पुरचुंडी कुसुमनं सोडली, पळीत थोडं तेल घेतलं, लेप गरम केला आणि वाटी घेऊन त्याच्यासमोर बसली.

“लावू?”

“कुसुम, पिवळा डाग उद्यापत्तूर जायाचा न्हाई.”

“हळदीच्या घरातली हाय मी. मला सांगताय?”

“त्येनं बघितलं तर बोट गेली.”

“म्हनून तर इचारतीया. न्हाईतर इचारलं नसतं, लावून मोकळी झाले असते.”

वाटीतला लेप निवत चालला. आत्मारामनं छताकडं बघितलं, ट्रंकेकडं बघितलं. काराकासचं ऊन त्यानं मनात इतक्यांदा बघितलं होतं की ते आता सोडून देणं सोपं नव्हतं. मग त्यानं मान वळवली आणि डावा गाल बायकोच्या पुढं केला. तिचं बोट लागलं तेव्हा त्याला झोंबलं, पण तो हलला नाही.

रविवारी त्यानं गालावरचा वाळलेला लेप खरवडला आणि राफाएल यायच्या आधीच रंग लावून बसला. गुलाबी रंगाचा नेहमीपेक्षा जाड थर, डोळ्यांभोवती पांढरं, वर लाल नाक. आरशात निको दिसत होता. राफाएलनं नवी टोपी शिवून घेतली होती. हॉलमध्ये उर्बिनाचे दिवे लागले होते आणि कॅमेरा पायांवर उभा होता. हॉल तापला होता. रंगाखाली आत्मारामला घाम फुटला होता.

पाव चोरला, सॉसेज चोरलं, पोरं ओरडली. राफाएल सरसर आला, भुवई उंच, हात उंच. पावाची आली. सगळ्या हाडांतून कळ गेली, आत्माराम पडला. हॉल हसला. उठला तेव्हा घामानं आणि मारानं गालावरचा रंग एका पट्ट्यात निघाला होता.

सॉसेजच्या थपडेसाठी राफाएलनं हात वर नेला आणि त्याची नजर आपल्याच मोज्यावर गेली. पांढऱ्या मोज्याच्या चारही बोटांवर पिवळं. मग त्यानं समोर बघितलं. निकोच्या तोंडावर, डोळ्यापासून जबड्यापर्यंत, पिवळंधमक.

हात वरच थांबला. कॅमेरा फिरत होता, पोरं श्वास रोखून बसली होती, आणि तो एवढा मोठा पांढरा जोकर हवेत हात धरून धाकट्या भावाचं भूत बघावं तसा बघत होता. आत्मारामनं क्षणभर वाट बघितली. मग त्यानं हात खाली, पोटापाशी नेले आणि टाळी वाजवली. सणसणीत! गिरकी घेतली आणि पडला. उठला. खोटं बोलल्याचीही त्यानंच वाजवली, त्यानंच मान फिरवली आणि तोच पडला. राफाएलचा हात त्याच्या आसपाससुद्धा आला नाही.

लोक हसले. मागच्या वेळेइतके नाही, पण हसले. तिसऱ्या रांगेत कुसुम मांडीवर हात ठेवून बसली होती. तिची बोटं अजून पिवळी होती.

मागच्या खोलीत राफाएलनं मोजा चिमटीत धरून शेगडीत टाकला आणि भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. बोलला तो चानो. “निकोचे बूट इथंच ठेव,” तो म्हणाला. “दुसरा कुणीतरी बघू. बार्सेलोनात आहेत माणसं.” आत्मारामनं बूट काढले, फडक्यानं पुसले, जोडीनं बाकाखाली ठेवले. नाक काढलं, शिट्टी काढली. मग सगळा रंग धुतला आणि आठ वर्षांत पहिल्यांदा पुढल्या दारानं बाहेर आला.

पायऱ्यांवर स्पॅनिश मंडळी पोरांना कोट घालत होती. कुणी त्याच्याकडं बघितलं नाही. एक छोटी मुलगी आईला विचारत होती की निको कुठं आहे, त्याला लागलं का. आई म्हणाली, निकोला कधी लागत नाही. आत्माराम त्यांच्या मधून वाट काढत कुसुमकडं गेला.

सुधीर तिच्याबरोबर उभा होता. “आत्मारामभाऊ, गाल पिवळा कसा काय? हळद? आल्झो, एक प्रामाणिकपणे सांगू का? राग मानू नका. आज मागच्याइतकी मजा नाही आली. ती दुसरी थोबाडीत तर अगदीच खोटी वाटली.”

तिघं निघाली होती; आत्माराम समोर रस्त्याकडं बघत चालत राहिला. सुधीर त्याच्या डाव्या हाताला होता.

“खोटीच असती ती,” कुसुम म्हणाली. “हात लागत न्हाई.”

मग तिनं पदर डोक्यावरून घेतला, नवऱ्याच्या मागून वळसा घातला आणि त्याच्या उजव्या बाजूला येऊन चालायला लागली.